छोटीचं काय करायचं?

कंपनीच्या फाटकाशी गाडी थांबली तरी मुलगी उतरेना. पट्टा सोडून ती तशीच बसून राहिली.

"छोटीचं आज ठरणार ना?" बाबांनी विचारलं. हात स्टिअरिंगवरच होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"निवृत्त झालोय, बहिरा नाही झालो."

ती हसली, पण हसू टिकलं नाही. दोघं बसली होती त्या गाडीचा पहिला आराखडा बाबांनीच काढला होता. ती तेव्हा शाळेत होती. कंपनीत सगळे या गाडीला छोटीच म्हणत. ती आता बंद करायची की नाही यावर बैठक होती, आणि शेवटचा शब्द मुलीचा होता.

"मी चालू ठेवा म्हणणार आहे," ती म्हणाली. "स्कूटरवर चौघंचौघं बसून जातात, ती माणसं दुसरी कुठली गाडी घेणार? एवढ्या किमतीत डोक्यावर छप्पर कोण देतं?"

"धडकेच्या नव्या चाचणीत काय झालं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"बोल की."

"नापास. सांगाडाच दबतो. वरवरच्या डागडुजीने भागणार नाही."

"मग बंद कर."

"बाबा, तुमचं अख्खं आयुष्य गेलंय हिच्यात."

"माझ्यासाठी ठेवत असशील तर अजिबात नको." बाबांनी काचेवरची नसलेली धूळ बोटाने पुसली. "त्या चौघांना छप्पर दे, पण टिकणारं दे. आणि त्यांना परवडेल असं दे. एवढ्या किमतीत जमणार नाही म्हणतील. मलाही म्हणाले होते."

ती उतरली. दार लावताना वाकून म्हणाली, "सरळ घरी जा हं. वेळेवर जेवून घ्या."

संध्याकाळी ती बाहेर आली, तर गाडी समोरच्या झाडाखाली उभी आणि बाबा आत पेंगत होते. ती शेजारी येऊन बसली तेव्हा त्यांना जाग आली.

"बंद," ती म्हणाली. "नवी छोटी येईल. किंमत हिच्या आसपासच राहील, एवढं भांडून कबूल करून घेतलंय."

बाबांनी नुसती मान हलवली. किल्ली फिरवायला हात नेला, तो तिथेच राहिला. तिने त्यावर आपला हात ठेवला.

"मी चालवू?"

ते उतरले आणि बॉनेटला हात टेकत टेकत वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले.

सिग्नलला बाजूला एक छोटीच येऊन थांबली. रंग उडालेली, मागे दोन मुलं, त्यांच्यामध्ये कोंबलेली गादी. बाबांनी घाईघाईने काच खाली केली आणि खांद्यापर्यंत बाहेर झुकले.

"अहो ताई, मागच्या चाकात हवा कमी आहे!" ते चालवणाऱ्या बाईला ओरडून म्हणाले. "भरून घ्या बरं. अजून पुष्कळ वर्षं धावायचंय तिला."