बदल्यांची गोपनीय यादी

कंपनीच्या सर्व्हरवर मी एक खोटी फाईल ठेवली होती. नाव, 'बदल्यांची गोपनीय यादी'. कोणी चोरून उघडली की मला आणि साहेबांना लगेच मेसेज यायचा.

रिकामी फाईल संशयास्पद वाटते, म्हणून आत रोज दोन ओळी लिहायचो. 'आज पुन्हा खिचडी. सर्व्हर रूममध्ये दिवसभर कोणी फिरकलं नाही. आई जाऊन वर्ष झालं, तरी आठ वाजता तिचा फोन येईल असं वाटतं.' तीन वर्षं ती फाईल कोणी उघडली नाही.

आज दुपारी मेसेज आला. डिस्पॅचच्या वाघुळदे मॅडम. यादीत आपलं नाव आहे का, ते बघायला शिरल्या असणार. पण बावीस मिनिटं बाहेर पडल्याच नाहीत. शेवटी माझ्या ओळींखाली त्यांची एक ओळ उमटली : 'उद्या जेवायला खाली या. भरीत आणते.'

उद्याची वाट न पाहता मी जिना उतरलो. मॅडम ड्रॉवर रिकामा करत होत्या, साहेब शेजारी उभे होते. "शाब्बास," ते मला म्हणाले, "तुझा सापळा कामाला आला."

मॅडमनी वर पाहिलं. "म्हणजे आईचंसुद्धा खोटंच लिहिलंत?"