झाडामागचा माणूस

पडद्यावर ढोल घुमू लागले तसं एझेलने आईला कोपराने ढोसलं. "आता येतोच मी. नीट बघ हं."

"बघतेय की! डोळे फुटलेत का माझे?" आई म्हणाली.

आयुष्यात ती पहिल्यांदाच बोलपटाला आली होती. बोलपट म्हणजे सैतानाचं दुकान, असं तिचे पाद्रीबुवा सांगत. एझेल गिरणीतली पक्की नोकरी सोडून हॉलिवूडला पळाला, तेव्हा तिने त्याच्याशी अबोला धरला होता. आता तो जॉर्जियाला घरी आला होता. आईने एकदा बोलपटातलं आपलं काम बघावं आणि 'बरं केलंस' म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

खाली गोरे बसले होते. वर काळ्यांच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी वस्ती लोटली होती.

"मडमेला पळवतोस का रे?" मागून क्लोव्हिस न्हाव्याने टोमणा मारला.

"भाला घेऊन असतो. पण अगदी जवळून दिसतो," एझेल म्हणाला. आपण पुरेसे काळे नाही म्हणून दिग्दर्शकाने अंगाला काजळी फासायला लावली, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते त्याला अजून बोचत होतं.

ढोल वाजले आणि थांबले. एझेल काही आला नाही. बोलपट मात्र रंगत गेला. गोरा साहेब जंगलात वाट चुकला. घशाला कोरड, सोबतीला कुणी नाही, बंदुकीत एकच गोळी. बाल्कनी त्याच्यासाठी हळहळू लागली. एझेललाही पुढचं ठाऊक नव्हतं. शूटिंगच्या वेळी त्याला कुणी गोष्ट सांगितलीच नव्हती. इथून धाव, तिथे मर, एवढंच. बघता बघता तो स्वतःची वाट पाहायचं विसरून गेला.

साहेब ओढ्यावर पाणी प्यायला वाकला. झाडामागून एक काळाकुट्ट रानटी माणूस भाला उगारून निघाला.

"मागे बघ! अरे, मागे बघ!" सगळी बाल्कनी ओरडली. एझेल तर उठून उभाच राहिला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. साहेबाने गर्रकन वळून बंदूक रोखली.

तेवढ्या गलक्यात एकच आवाज वेगळा होता. कठडा घट्ट धरून, पडद्याकडे बघत आई जिवाच्या आकांताने ओरडत होती, "पळ, एझेल! पळ रे लेकरा, मारेल तो तुला!"