नानांचा पाय निघेना

"एवढी एक ओळ लावून होऊ द्या, मग खुशाल जा," रेडिओ म्हणाला.

उठू लागलेले नाना पुन्हा उकिडवे बसले. बागेच्या मागच्या भिंतीलगत ते वसंतात फुलणारे कंद लावत होते. वीतभर खड्डा, तळाशी मूठभर वाळू, कंदाचं टोक वर, वरून भुसभुशीत माती. रेडिओ शेजारी पालथ्या बादलीवर बसून बोलत होता. काम नानांचं आणि तोंड त्याचं, ही वाटणी फार जुनी. दोघा माळ्यांनी उमेदीची सगळी वर्षं या बागेत घालवली होती. पूर्वी तो बोलता बोलता चार वाफे खुरपून तरी टाकायचा. उन्हाळ्यापासून त्याने खुरप्याला हातही लावला नव्हता. तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता, आणि हे नाव त्याला उगीच पडलं नव्हतं.

आज नानांचा बागेतला शेवटचा दिवस. घरचं सामान टेम्पोत चढलं होतं. लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "उजेड आहे तोवर वाट बघीन. आलात तर दोघं जाऊ, नाहीतर मी एकटी जाईन." तिचंही चूक नव्हतं. नानांचं जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती, शर्टाची कॉलर गळ्याभोवती लोंबायला लागली होती. इथून हलवलं नाही तर हा माणूस हातचा जाईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नानांनाही ते पटलं होतं. पटलं नव्हतं ते एका रेडिओला.

"लेकीकडे जाऊन करणार काय? गॅलरीतल्या दोन कुंड्यांना पाणी घालणार?"

"नातवंडं आहेत रे."

"नातवंडांचं कौतुक मला सांगू नका. माझा पोटचा पोरगा बघा. समोर जाऊन उभा राहिलो तरी मान वर करत नाही. सुनेने माझी खाट अडगळीत टाकली. बोललो का मी काही?"

"तू, आणि बोलला नाहीस!" नाना हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

"पानगळीची हवा. बाधतेच," रेडिओ म्हणाला.

वारा सुटला तशी पानांची सर खाली आली. कोपऱ्यातलं मोठं झाड जवळजवळ रिकामं झालं होतं. फक्त एका मोडक्या फांदीवर तपकिरी पानांचा झुबका तसाच होता. उन्हाळ्यातल्या वादळात मोडून ती सालीला लटकून राहिली होती. त्या वादळाचा विषय दोघंही टाळत.

"त्या फांदीची बरी टिकली," नाना म्हणाले.

"टिकतील नाहीतर काय! पान सोडायलासुद्धा झाडात जीव लागतो, नाना. मेलेल्या फांदीला सोडता येत नाही, ती धरून बसते," रेडिओ म्हणाला आणि लगेच गोगलगायींवर घसरला.

ओळ संपली. नानांनी गुडघे झटकले. तेवढ्यात रेडिओला गुलाबाची छाटणी आठवली. छाटणीवरून तो पाल्याच्या खताकडे गेला, खतावरून त्या जुन्या साहेबाकडे, जो महिनाभर प्लास्टिकच्या फुलांना पाणी घालत होता. ही गोष्ट नानांनी हजारदा ऐकली होती. तरी ते बसले. रेडिओ बोलत होता ते भीतीने. नाना गेले की आपल्याशी कोण बोलणार? बाकीचे माळी नवे होते. अंगावरून जायचे, पण कधी त्याची साधी विचारपूस करायचे नाहीत.

भिंतीवरचं ऊन उतरलं. फाटकाकडून नानांची बायको येताना दिसली. आता वहिनी नानांची हजेरी घेणार, म्हणून रेडिओ जरा सरसावूनच बसला. त्याला त्यांची भांडणं ऐकायला आवडायची.

पण ती नानांशी बोललीच नाही. ती वाफ्याला वळसा घालून आली आणि पालथ्या बादलीसमोर उभी राहिली. तिची नजर बादलीच्या थोडी वर, भलतीकडेच कुठेतरी लागली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या वादळात तुम्ही गेलात तेव्हा घरच्यांइतकीच मीही रडले. पण आता यांना सोडा. नाहीतर वसंताच्या आत मला यांनाही पोचवून यावं लागेल."

नाना मातीकडे बघत राहिले. आणि रेडिओ जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. या वहिनीच्या हातचं त्याने कितीदा पोटभर खाल्लं होतं. एका शब्दाचं तर काम होतं. नुसतं 'जा' म्हणायचं. शब्द ओठांपर्यंत आलाही.

तिने नानांना हाताला धरून उठवलं. नाना उठले. दोघं सावकाश फाटकाकडे निघाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिच्या चालण्यात जीव आला होता. फाटक आलं. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

"नाना," मागून रेडिओ म्हणाला, "त्या पिवळ्या जास्वंदीचं सांगायचं राहूनच गेलं बघा."

नाना थांबले. मग बायकोच्या हातातून त्यांनी आपला हात अलगद सोडवून घेतला.