मंजुळाबाईचा साहेब

मंजुळाबाईनं मुकादमाची काळी टोपी डोक्यावर चढवली, कापसाच्या गठाणीवर ऐसपैस बैठक मारली आणि साहेबासारखा घसा खाकरला. शिरपूरच्या कापूस पिंजायच्या जिनातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वच्छलाबाई तेवढी हसली नाही.

जेवणाची सुट्टी संपली की तिला साहेबापुढं उभं राहायचं होतं. काम सोडून पोराला पाजायला जायचं नाही, असा हुकूम निघाला होता आणि तान्ही पोरं कुंपणापाशी रडून रडून निळी पडत होती. साहेब एकीशीच बोलणार होता. आजवर अशा वेळी मंजुळाबाईच पुढं व्हायची. या खेपेला बायांनी वच्छलाबाईचं नाव घेतलं. “तुम्ही लगेच भांडतस,” असं मंजुळाबाईला तोंडावर सांगणारी तर तिचीच सून होती.

तेव्हापासून मंजुळाबाईच्या पोटात दुखत होतं. हुकूम रद्द व्हायला हवा, हे तिलाही कळत होतं. कुंपणापाशी तिचाही नातू रडत होता. पण हुकूम वच्छलाबाईच्या शब्दानं रद्द व्हायला नको होता. आणि त्या भोळीनं सरावासाठी साहेब व्हायला सांगितलं तेही तिलाच!

“काय पाहिजे?” मंजुळाबाईनं साहेबाच्या शहरी मराठीत विचारलं.

“साहेब, पोरं… पोरं भुक्या ऱ्हातस.” वच्छलाबाई जमिनीकडं बघत म्हणाली.

“मशीन बंद ठेवून दूध पाजायचं? मालकाचं नुकसान कोण भरणार?”

“आम्ही पाळीपाळीनं जासूत, साहेब. एक गई का दुसरी तिनं काम पाही. मशीन बंद पडाव नही.”

बायांनी माना डोलावल्या. उत्तर चोख होतं. आपण असतो तर एव्हाना शिव्यांवर आलो असतो, हे मंजुळाबाईच्या ध्यानात आलं आणि ती आणखीच पेटली.

“उद्या सगळ्याच बाहेर जाऊन बसतील!”

“जिनं पोर तान्हं शे, तीच जाई, साहेब.”

“तुले कोनी इचारं व?” मंजुळाबाई गठाणीवरून ताडकन उठली. “काल जिनमा ऊनी आनि आज आम्हना बठ्ठास्ना पुढे चालनी! सोताले काय समजस? इतला वरीस साहेबसंगे मी भांडनू, तवय तू कोठे व्हती?”

बायांचं हसू थांबलं. साहेब काही अहिराणीत बोलत नसे. सून खाली मान घालून लुगड्यावरचा कापूस वेचू लागली.

वच्छलाबाईचे डोळे भरून आले. पण या वेळी ती मंजुळाबाईकडं बघत बोलली.

“अठेच व्हती, साहेब. तुमना मांगे उभी व्हती. पन पोरं आज भुक्या शेतस.”

मंजुळाबाईनं डोक्यावरची टोपी काढली. तेवढ्यात भोंगा झाला आणि ऑफिसच्या दारातून शिपायानं हाक मारली.

वच्छलाबाईनं डोळे पुसले, पदर डोक्यावर सारखा केला. जाता जाता ती मंजुळाबाईच्या पाया पडली.

“अक्का, आते साहेबनं भ्याव ऱ्हायनं नही,” ती म्हणाली. “तुम्हनागत तो काई बोलाव नही.”