शालनचं सिम

मेलबर्नच्या दुकानात मुलाने वामनरावांच्या फोनमध्ये शालनच्या सिमशेजारी तिथलं सिम घातलं.

"आईचं सिम आता बंद करू या, बाबा. वर्ष झालं तिला जाऊन."

"राहू दे. बँकेचे ओटीपी येतात त्यावर."

"ते माझ्या नंबरावर येतात."

"मग कर उद्या बंद," वामनराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कणकवलीला मेहुणीला फोन लावला. कुठल्या सिमवरून, असं फोनने विचारलं आणि बोट शालनच्या सिमवर पडलं. लक्षात येईपर्यंत कुमुदने उचललाही होता. तिला 'ताई' असं नाव दिसलं असणार.

"मी आहे गं. चुकून लागला. हा उद्या बंद होईल, इथला नवा नंबर घे."

कुमुदने नाक ओढलं.

"परदेशातले नंबर मी उचलत नाही, भाऊजी. फसवणारे असतात. तुम्ही याच्यावरूनच करत जा."