टकरीनंतरचा वेग

नवऱ्याच्या अपघातानंतर महिन्याने कुमुदिनीबाई नववीच्या वर्गावर परतल्या. संवेग अक्षय्यतेचा धडा नेमका राहिला होता. त्यांनी फळ्यावर चित्र काढून पुस्तकातलं गणित सपाट आवाजात वाचलं, "ट्रक उभ्या स्कूटरवर आदळतो. दोन्ही एकत्र पुढे सरकतात. त्यांचा वेग काढा."

बाईंचे यजमान तसेच गेले होते, आणि त्या ट्रकड्रायव्हरची मुलगी तेजल याच वर्गात होती. ती दप्तर घेऊन उठली.

"बाई, आई म्हणते, दुसऱ्या शाळेत नाव घालू. मी रोज तुमच्यासमोर नको."

बाईंनी मनात राग शोधला, रडू शोधलं. हाती काहीच लागलं नाही. त्यांनी ट्रक पुसला आणि रुळावरचे दोन डबे काढले.

"चालता डबा उभ्या डब्याला धडकून जोडला जातो. वेग कमी होतो, पण एकूण संवेग तेवढाच राहतो. ये, खडू घे. वेग तू काढ."

तेजल डोळे पुसत आकडे मांडत गेली. उत्तर बरोबर आलं.

"बस जागेवर. उद्याही इथेच यायचं," म्हणताना बाईंचा आवाज महिन्यात पहिल्यांदाच कापला.