एकच स्फोट, दोनदा

"लाज नाही वाटत तुम्हाला?" लिओनिला कडाडली. "आम्ही उन्हातान्हात बसून हे प्रवाळ राखायचं, आणि तुम्ही बाटलीत स्फोटकं भरून ते उडवायचं! माशांची इवली इवली पिल्लं पोट फुटून वर येतात, कधी बघितलीत?"

म्हातारा जुमादिल वाळूत उकिडवा बसला होता. पहाऱ्याच्या झोपडीसमोर त्याची होडी दोरीने खांबाला बांधली होती. "बाई, मी गळाने मासे धरतो," तो म्हणाला.

"सगळे बाजाव हेच म्हणतात!"

गावचा प्रमुख सेवेरो बाकावर बसून कॉफी पीत होता. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. बाजाव म्हणजे समुद्रावर भटकणारी जमात, होडीतच जन्मतात, होडीतच मरतात. त्यांना ना जमीन, ना मत. त्यांच्या होड्या याआधीही जाळल्या होत्या. एकीला तर लिओनिलाने स्वतः काडी लावली होती. चोर पकडून आणणारा दर वेळी एकच, तेओदुलो. गस्तीचा म्होरक्या, लिओनिलाचा थोरला भाऊ, म्हणून तिचा 'मानोय'. आज सकाळी जुमादिललाही त्यानेच आणून सोडलं आणि तो पुन्हा गस्तीला गेला.

"मी तर इथे बसलोय," म्हातारा हळूच म्हणाला. "तुमचा भाऊ आत्ता कुठे आहे, तेवढं विचारा."

"माझ्या भावाचं नाव घेतोस?" तिने तिरमिरीत रेडिओ उचलला. "ऐक तुझ्याच कानांनी. मानोय, कुठे आहेस?"

"बेटाच्या पलीकडे, दीपस्तंभापाशी," तेओदुलोचा आवाज आला. "इकडे सगळं शांत आहे गं, पाणी कसं तेलासारखं..."

त्याच्या आवाजामागे धप्पकन स्फोट झाला. रेडिओत नुसती खरखर उरली.

लिओनिलाने बाहेर पाहिलं. किनाऱ्यावर जाळं शिवणाऱ्या बाया हसत होत्या. कुणीच दचकलं नव्हतं. आणि मग, समोरच्या प्रवाळाकडून, पाण्यावरून तोच धप्प आवाज आला. आत्ता कुठे बायांनी माना वळवल्या.

"ऐकलंस?" सेवेरो उठला. "याचेच भाऊबंद!"

लिओनिलाची नजर रेडिओवर होती. रेडिओची लाट उजेडाच्या वेगाने धावते, तिला हवासुद्धा लागत नाही. आवाजाला मात्र हवेला ढकलत ढकलत यावं लागतं. समोरच्या प्रवाळावरचा स्फोट किनाऱ्याला आधी कळायला हवा होता. बेटाच्या पलीकडच्या माणसाला कितीतरी उशिरा, कदाचित कळलाही नसता. पण तो आला तेओदुलोच्या रेडिओतून, आणि तोही आधी. म्हणजे रेडिओ स्फोटाच्या शेजारीच होता.

तिला ती जाळलेली होडी आठवली, तिच्यात भांडीकुंडी होती, लहान मुलाची झोळी होती. आणि तिच्या डोक्यात जाळ उठला.

"मानोय, स्फोट तुझ्या रेडिओवर आधी वाजला. समुद्रावरून नंतर आला."

"निला, घरचं घरी बोलू," तो म्हणाला.

"घरचं? समुद्र काय आपल्या बापाचा आहे?" तिने गस्तीच्या सगळ्या होड्यांना साद घातली. "ऐका! प्रवाळ उडवणारा आपल्यातलाच आहे. त्याचं नाव तेओदुलो!"

गस्तीतल्या कानोरचं उत्तर आलं, "काय म्हणालीस? नुसती शिट्टी ऐकू आली. कोणाचं नाव?"

तिने पुन्हा सांगितलं.

"परत शिट्टी! तू बोललीस की कोणीतरी मुद्दाम बटण दाबतंय."

दोन होड्यांची इंजिनं शेजारी शेजारी धडधडली की एकीचा आवाज दुसरीत घुसतो, घरघर फुगते, दबते, पुन्हा फुगते. रेडिओच्या लाटांचीही तीच खोड. एकाच पट्टीवर दोघं एकदम बोलले की दोन लाटा एकमेकींत गुंततात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात नुसती किंचाळी उरते. हे तिला गस्तीत येताना शिकवलं होतं. शिकवणारा तेओदुलोच होता.

तिने रेडिओ बाकावर आपटला. जुमादिलच्या होडीची दोरी सोडली आणि चर्चच्या घंटेकडे पळत सुटली. ही घंटा वाजली की होड्यांनी हातातलं काम टाकून किनारा गाठायचा, असा गावचा नियम.

"वेडी झालीस का?" सेवेरो मागून धावला. "भाऊ आहे तुझा!"

"म्हणून तर!"

तिने दोर ओढला. घंटेचा आवाज सावकाश पाण्यावर पसरत गेला. हात सोलवटले तरी ती थांबली नाही. एकेक होडी वाळूला लागू लागली. सगळ्यांत आधी कानोर गुडघाभर पाण्यातून धावत आला.

"नाव सांगते," लिओनिला धापा टाकत म्हणाली.

"राहू दे," कानोर म्हणाला. "घंटा वाजली तशा सगळ्या होड्या गावाकडे वळल्या. एकच उलटी पळाली."